उपासाच्या दिवशी बरं वाटायचं

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एक वाक्य मी घरी आणलं नाही. बाकी सगळं आणलं. गहू बंद, रवा बंद, मैदा बंद, शेवया बंद, हे आणलं. हाडं ठिसूळ झालीत, पायातल्या नसा कामातून गेल्यात, रक्त जन्मभर कमी राहिलं ते ह्याच आजारानं, तेही आणलं. पण आमचे हे बाहेर औषधाच्या खिडकीशी उभे होते तेव्हा बाई माझी जुनी हकिगत लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमची पहिली दोन बाळं गेली ना, तीसुद्धा ह्यामुळंच गेली असतील." ते वाक्य मी तिथंच खुर्चीवर ठेवून आले.

का ठेवलं ते सांगते. त्या दोन्ही वेळेला आमचे हे ऑफिसातून येताना माझ्यासाठी रोज बिस्किटाचा पुडा आणत होते. बिस्किट म्हणजे मैदा, मैदा म्हणजे गहू. ह्यांनी सगळी नोकरी कारकुनीत काढली, बेरीज त्यांची कधी चुकत नाही. ही एक बेरीज तेवढी त्यांनी करू नये, असं मला वाटत होतं. ह्या वयात मला दुसरं फारसं काही वाटत नाही. तेवढं वाटत होतं.

आजाराचं नाव मोठं आहे, माझ्या तोंडात बसत नाही. नातू मला गहूबंदी आजी म्हणतो, तेच बरं आहे. गव्हातला जो चिकटपणा असतो, ज्यानं पोळी ताणली तरी तुटत नाही, तो काही माणसांच्या आतड्याला चालत नाही. आतून लव असते म्हणे आतड्याला, ती झिजून जाते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. कितीही खा.

आणि मी तर गव्हाची भक्त. मी म्हणजे ती. लग्न होऊन परभणीत आलेली ती पोरगी मीच, हे मला आता पटत नाही, म्हणून मी तिला 'ती' म्हणते.

तिचं माहेर वालूरजवळच्या एका खेड्यात. शेतकऱ्याचं घर, बाराही महिने ज्वारी. गहू दिसायचा तो सणाला नाहीतर जावई आला तर. लग्न झालं ते नोकरदाराच्या घरात, तिथं दोन्ही वेळा पोळी. ह्या पोळीचा तिला जो माज चढला, तो मी विसरू शकत नाही. पहिल्यांदा माहेरी आली आणि भाकरीचं ताट पुढं आलं तर म्हणते कशी, "आमच्याकडं न्हाई बाई भाकरी चालत. आमच्याकडं पोळीच."

आमच्याकडं! अंगाची हळद अजून उतरली नव्हती.

वहिनी भाकरी थापता थापताच म्हणाली, "आमच्याकडं म्हंजी कुणाकडं गं? तू काय गव्हाच्या पोत्यात जलमलीस का?"

तिला राग आला. तिनं भाकरी खाल्ली, पण उपकार केल्यासारखी खाल्ली. आणि माहेरचे ते चार दिवस तिचं पोट अगदी गप्प होतं, हे त्या शहाणीच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

परभणीत परत आली की पुन्हा सुरू. पोट तट्ट फुगायचं. जुलाब व्हायचे. तोंडात फोड यायचे, तिखटाचा घास लागला की डोळ्यांत पाणी. कोपरावर पाण्याचे बारीक फोड उठायचे आणि इतके खाजायचे की ती भिंतीच्या कडेला कोपर घासत उभी राहायची, म्हशीसारखी. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सासूबाई एकदा शेजारणीला म्हणाल्या, "भाकरी खाऊन वाढलेलं पोट हाय ते. त्याला पोळी कशी मानवंल?"

इतकं अचूक निदान पुढं पन्नास वर्षं कुणी केलं नाही. पण सासूबाईंनी ते टोमणा म्हणून केलं, आणि सुनेनं टोमणा म्हणूनच घेतलं. त्या दिवशी तिनं हट्टानं एक पोळी जास्त खाल्ली.

मग एका एकादशीला तिला बरं वाटलं.

साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं. दिवसभर पोट हलकं. संध्याकाळी तर ती अंगणात दोरीवरचे कपडे काढताना गुणगुणत होती. तिनं विचार केला आणि तिच्या डोक्याप्रमाणं तिला उत्तर सापडलं. उपास देवाला पावला. मग तिनं चतुर्थी धरली. मग सोमवार. गुरुवार. शनिवारही धरला. जितके उपास तितकी तब्येत, हा हिशोब चुकत नव्हता. नवरात्रात तर नऊ दिवस धान्य तोंडात नाही, आणि चेहऱ्यावर असं पाणी चढलं की गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की तिच्याकडं बघत राहायच्या. "उपासाचं तेज हाय बाई," म्हणायच्या. एक म्हातारी तर पाया पडायला वाकली. हिनं पाय मागं घ्यावेत की नाही? नाही घेतले. चांगली तोऱ्यात उभी राहिली.

दसऱ्याला उपास सुटायचा तो पुरणपोळीनं. दुसऱ्या दिवशी ही अंथरुणात. आता ह्यावरून कुणालाही काही सुचायला हवं होतं. आम्हाला सुचलं ते असं, की उपास सोडताना काहीतरी चुकलं, देवीचा कोप झाला. सासूबाई म्हणाल्या, "नैवेद्याच्या आधी काही तोंडात टाकलंस का?" हिनं टाकलं नव्हतं, पण आपण नकळत टाकलं असेल असं तिला वाटलं, आणि प्रायश्चित्त म्हणून तिनं मंगळवारही धरला. साबुदाण्यात गहू नसतो, एवढी साधी गोष्ट होती. पण आम्हाला साबुदाणा दिसतच नव्हता, देव दिसत होता.

ह्या सगळ्या उपासांच्या जोरावर तिला दिवस गेले.

बाईला दिवस गेले की उपास बंद. ही आमच्याकडची रीत, आणि चांगल्या मनानं घातलेली रीत आहे. सासूबाई देवघरासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आता दोन जीव हायेत. देव काही म्हणायचा न्हाई, मी सांगते त्याला." त्या दिवसापासून खाणं सुरू झालं. सकाळी शिरा. दुपारी पोळ्या, मोजायच्या नाहीत. मंगळवारी लापशी, शुक्रवारी गव्हाची खीर, आणि वर म्हणायचं, ताकद येते. सासूबाई खरंच मायेनं करत होत्या. मला त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलायचा नाही.

आणि संध्याकाळी ह्यांचं बिस्किट. पिशवीत फायलीच्या खाली पुडा लपवून आणायचे, कारण आईच्या देखत बायकोला काही आणून देणं तेव्हा शोभत नव्हतं. मागच्या दारी मी भांडी लावत असले की पुडा माझ्या हातात कोंबायचे आणि लगेच मोरीकडं हातपाय धुवायला निघून जायचे, थांबायचे नाहीत.

"पोटात जागा न्हाई हो," मी एकदा म्हणाले.

"तुला न्हाई आणलेलं," हे जाता जाताच म्हणाले. "त्याला आणलंय."

मी सगळी खाल्ली. पाण्यात बुडवून, कोरडी, मळमळत असताना, ओकून आल्यावर पुन्हा. एकही टाकलं नाही.

पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. दुसरं सातव्यात. दुसऱ्याला कापडात गुंडाळून नेलं. मला दाखवलं नाही, मी दाखवा म्हटलं नाही. तेव्हा काय वाटलं हे मला आजही सांगता येत नाही. स्टोव्हवर दूध ठेवलेलं होतं आणि मी त्याच्याकडं बघत बसले होते, एवढं आठवतं. ते उतू गेलं की नाही, आठवत नाही. मग पुन्हा उपास सुरू झाले आणि मला पुन्हा बरं वाटायला लागलं. त्या बरं वाटण्याचीही लाज वाटली असेल. नक्की माहीत नाही.

तिसऱ्या वेळेला सासूबाईच घाबरल्या. म्हणाल्या, ह्या घराची काही बाधा असेल, पोरीला माहेरी पाठवा, शेवटपर्यंत तिकडंच राहू द्या. माहेरी ज्वारीच. परभणीहून वालूरकडं यायला ह्यांना सवड मिळायची नाही, रविवारी एखाद्या वेळी यायचे ते बसच्या घाईत, रिकाम्या हातानं. मी भाकरी खात राहिले, ताक पीत राहिले, आणि लेक झाली. चांगली धडधाकट, रडकी. गावच्या मारुतीला नारळ फुटला. सासूबाई स्वतः आल्या फोडायला. मारुती बिचारा काही बोलला नाही.

लेकीला घेऊन परभणीला आले, पोळ्या सुरू झाल्या, पुन्हा पोटात काही राहिलं नाही.

पुढची वर्षं मी लोहाच्या गोळ्यांवर काढली. रक्त कमी, थकवा, पाठ दुखणं. दवाखान्यात गेलं की सांगायचे, बाईमाणसाचं असंच असतं, गूळ-शेंगदाणे खा. मी खायचे, पोळीबरोबर. मग पायाला मुंग्या यायला लागल्या. मुंग्या होत्या तोवर बरं होतं, नंतर त्याही गेल्या. एकदा बाजारातून घरी आले तर लेक म्हणाली, "आई, दुसरी चप्पल कुठंय?" मी खाली बघितलं. एक पाय नुसताच होता. चप्पल कुठं सुटली, किती वाट मी तशी चालले, पायाला काहीच कळलं नव्हतं. तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला होता. लेक रडायला लागली. मला हसू आलं, कारण दुखतच नव्हतं.

त्यानंतर ऑटोतून उतरताना पडले. पडले म्हणजे नुसती टेकले, आणि मनगट मोडलं. तेव्हा ह्या नव्या डॉक्टरीणबाई भेटल्या. वयानं माझ्या लेकीहून लहान. त्यांनी प्लास्टर घातलं, पण एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतंच कसं म्हणून विचारत बसल्या. पोटाचं विचारलं, रक्ताचं विचारलं, पायांचं विचारलं. शेवटी म्हणाल्या, "बरं, आजी, कधी तरी बरं वाटतं का?"

"उपासाला," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

रक्त तपासलं. संभाजीनगरला पाठवून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला. तोच आजार निघाला. हाडं काही प्रमाणात सुधारतील, रक्त भरून येईल. पायांचं मात्र सांगता येत नाही, जाणीव आली तर येईल, नाही तर नाही. आणि मग ते वाक्य, जे मी खुर्चीवर ठेवून आले.

पथ्य सोपं वाटलं होतं. सगळं आयुष्य ज्वारीच्या प्रदेशात, काय अवघड आहे? पण गिरणीत गव्हावर ज्वारी टाकून दळतात, त्या पिठात गव्हाची भुकटी येते. हे कळेपर्यंत मी दोन महिने भाकरी खाऊन आजारी पडत होते. डबीतल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हेही असंच कळलं. आणि प्रसाद! सत्यनारायणाचा शिरा नको म्हटलं की माणसं अशी बघतात जणू मी देवाला लाथ मारली. "प्रसादानं कुठं काय होतंय, एवढासा तर हाय," म्हणतात. जिच्या पाया पडत होत्या तीच बाई आता प्रसाद नाकारते म्हणून गल्लीत माझी चर्चा असते. नाकारते आणि घरी येऊन झोपते. कुणाला समजावत बसायचा मला कंटाळा येतो.

ह्यांनी मात्र हा आजार स्वतःला झाल्यासारखा अंगावर घेतला. घरी छोटी गिरणी आणली, तिच्यात गव्हाचा दाणा जाऊ देत नाहीत. पाहुण्यांची पोळी वेगळ्या तव्यावर. आणि दुकानात गेले की चष्मा लावून प्रत्येक पुड्याच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचायला लागले. मी शेजारी उभी. मसाला वाचला, ठेवला. सॉस वाचला, ठेवला. असं एकेक वाचत वाचत हे कुठं जाऊन पोहोचणार, ते मला दिसत होतं, आणि मी काही करू शकत नव्हते.

एक दिवस त्यांनी बिस्किटाचा पुडा हातात घेतला. नातवासाठी घेतला होता. सवयीनं उलटा केला, वाचला. मग तसाच हातात धरून उभे राहिले. दुकानदार म्हणाला, "काका, देऊ का?"

"काय वाचायलात एवढं?" मी विचारलं.

"काही न्हाई," म्हणाले. पुडा परत ठेवला आणि चणे घेतले.

त्या दिवशी ते फारसे जेवले नाहीत. मी विचारलं नाही. मला वाटलं, अजून अर्धीच बेरीज झालीय. बाळं ह्या आजारानं जातात हे त्यांना कुणी सांगितलं नाही तोवर ती अर्धीच राहील.

ते सांगितलं लेकीनं. तिचा दोष नाही. हा आजार रक्तातून येतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. ती बोरीला शाळेत शिकवते, सुट्टी काढून आली. रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघंही गेलो. रिपोर्ट चांगला आला. तिला आजार नव्हता. मला बरं वाटलं असणार. मी नुसती मान हलवली. आम्ही उठणार, एवढ्यात लेक मोबाइलवर कुठंतरी वाचलेलं घेऊन बसली. "मॅडम, ह्या आजारात गर्भ राहत नाही असं लिहिलंय. आईची माझ्याआधीची दोन गेली होती. ती ह्यामुळंच का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं बघत होते.

"असू शकतं," बाई सावकाश म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी नक्की कुणी सांगू शकणार नाही."

ह्यांनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. मग विचारलं, "बिस्किटात मैदाच असतो ना, मॅडम?"

"हो. म्हणजे गहूच."

"रोज खाल्लं तर?"

बाई काही म्हणायच्या आत मीच बोलले. कसं सुचलं ते माहीत नाही. ती तरुणपणची बावळट असती तर रडत बसली असती, आणि सगळं बाहेर आलं असतं.

"कुणी खाल्लं रोज?" मी म्हटलं. "मी कुठं खात होते? मला वासच सहन व्हायचा न्हाई. मी शेळीला घालायचे."

"शेळीला?"

"मागच्या घरच्या. तुमी हातपाय धुवायला गेलात की भिंतीवरून टाकायचे."

"रोज?"

"रोज. लय आवडायची तिला. तुमची सायकल वाजली की ओरडायला लागायची."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं. लेकीनं ओढणी तोंडाला लावली. डॉक्टरीणबाई खाली मान घालून काहीतरी लिहीत राहिल्या. रिपोर्ट चांगला होता, लिहिण्यासारखं काही नव्हतं.

"अगं, मी आईपासून लपवून आणायचो," हे म्हणाले. आवाज चढला होता. "फायलीखाली दाबून! एकदा साहेबानं पिशवी बघितली, सगळ्या ऑफिसात हसं झालं माझं. आन् तू शेळीला घालायलीस?"

"मग काय करू? तुमाला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं."

"आता काय चांगलं वाटायलंय का?"

ऑटोत ते पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. घरी आल्यावर स्वतःचा चहा स्वतः केला, माझा केला नाही. नुसत्याच रागात होते, दुसरं काही नव्हतं. मी नीट बघितलं. रात्री जेवले, पोटभर जेवले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

आता कोणीही आलं की हीच गोष्ट. जावई आला, त्याला सांगितली. दुधवाल्याला सांगितली. "माझी बिस्किटं हिनं शेळीला घातली, वर्षानुवर्षं!" म्हणतात, आणि समोरचा हसला की आणखी चिडतात. लेक मला एकटीला गाठून म्हणाली, "आई, खरं सांग." मी तिला भाकरी वाढली.

आमच्या मागच्या घरी तेव्हा शेळी नव्हती. एक वकील राहायचे, त्यांना कुत्रंसुद्धा चालायचं नाही. हे ह्यांच्या लक्षात आलेलं नाही. रागावलेला माणूस शेळ्या शोधायला मागं जात नाही. अधूनमधून मी तो राग थोडा डिवचते, विझायला आला की. काल म्हटलं, शेळीचं दूध तेव्हा गल्लीत सगळ्यात घट्ट होतं म्हणे.

ते ताटावरून उठून गेले. मी त्यांची अर्धी भाकरी झाकून ठेवली.